पिन बसली, पण आवाज का येत नाही?

दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या ज्या स्थानकाला रेल्वेने 'बेलापूर' हे नाव दिले, ते स्थानक प्रत्यक्षात श्रीरामपूर शहरात आहे. पाटी वाचून उतरलेल्या नवख्या प्रवाशाला बेलापूर गाव गाठायला पुढे काही किलोमीटर जावे लागते; ते प्रवरा नदीच्या काठी आहे. शिवाय नवी मुंबईत आणखी एक बेलापूर आहेच. तिकीट बरोबर, पाटी बरोबर, तरी माणूस भलत्याच ठिकाणी! असे होते, कारण नाव सारखे असले तरी त्यामागची जागा सारखी नसते.

ध्वनियंत्रांच्या मागच्या बाजूला असणाऱ्या खाचांचेही असेच आहे. पिन खाचेत नीट बसते, दिवाही लागतो, पण आवाज मात्र येत नाही. हा अनुभव आम्हाला बेलापुरातच आला, म्हणून सुरुवात तेथून करू.

बेलापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला पत्र पाठवले. त्यांच्या आईच्या आणि गल्लीतल्या तीन-चार वयस्क बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्या भाच्याने १९९८ साली कोणाकडून तरी आणलेल्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. ती फीत साधी कॅसेट नव्हती, 'डॅट' म्हणजे अंकीय ध्वनिफीत होती. आकाराने काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. गाणाऱ्यांपैकी आता कोणीही हयात नाही. बाईंनी लिहिले होते, "फीत पोस्टाने पाठवायला धीर होत नाही. तुम्हीच यंत्र घेऊन याल का?" आम्ही आणि आमचा एक तंत्रज्ञ सहकारी एक जुना डॅट डेक, संगणक आणि संगणकाला आवाज पोचवणारी एक लहान पेटी घेऊन निघालो. काम तासाभराचे वाटले होते. प्रत्यक्षात पूर्ण दिवस गेला आणि थोडे नुकसानही झाले. ते का झाले हे समजण्यासाठी आधी आवाजाचे आकडे कसे होतात ते पाहू.

आवाजाचे आकडे

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्यांचे विद्युतदाबाच्या चढउतारांत रूपांतर करतो. जुन्या कॅसेटवर हेच चढउतार चुंबकत्वाच्या रूपाने जसेच्या तसे उमटत. अंकीय पद्धतीत मात्र ठरावीक वेळाने विद्युतदाब मोजून तो आकडा लिहून ठेवतात. तापलेल्या रुग्णाचे तापमान परिचारिका दर दोन तासांनी तक्त्यावर नोंदवते, तसेच हे. फरक एवढाच की येथे नोंदी सेकंदाला हजारो होतात.

किती हजार? माणसाला साधारणपणे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. प्रत्येक कंपनाची चढती आणि उतरती अशा दोन्ही बाजू पकडायच्या तर त्याच्या दुपटीहून अधिक नोंदी हव्यात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी फिलिप्स आणि सोनी यांनी सेकंदाला ४४,१०० नोंदी ठरवल्या. प्रत्येक नोंद १६ बिटांची, म्हणजे १६ शून्य-एकांची असते. सोनीने १९८७ मध्ये आणलेल्या डॅट यंत्रात ४८,०००, ४४,१०० आणि ३२,००० असे तीन वेग होते. शेवटचा वेग फीत पुरवून वापरण्यासाठी असे.

अंकीय पद्धतीचा मोठा लाभ प्रत काढताना दिसतो. कॅसेटवरून कॅसेट काढली की प्रत्येक वेळी खरखर वाढते. आकड्यांची प्रत मात्र नीट उतरली तर मूळ आणि प्रत यांत काहीच फरक राहत नाही. म्हणूनच बाईंच्या फितीतला आवाज हेडफोनच्या खाचेतून न काढता आकड्यांच्या रूपातच संगणकात न्यायचा, असे आम्ही ठरवले.

आकडे तारेतून कसे जातात?

दोन यंत्रांमध्ये एकच तार आहे आणि तिच्यातून डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंचे आकडे सलग जायचे आहेत. घेणाऱ्या यंत्राला तीन गोष्टी कळायला हव्यात: एक बिट कोठे संपला, एक आकडा कोठे सुरू झाला आणि तो डाव्या बाजूचा की उजव्या.

यासाठी दोन प्रमाण पद्धती रूढ झाल्या. स्टुडिओंसाठी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९८५ मध्ये एईएस-३ ही पद्धत प्रसिद्ध केली. घरगुती यंत्रांसाठी सोनी आणि फिलिप्स यांच्या नावाने ओळखली जाणारी एसपीडिफ पद्धत आली. आतून या दोघी जवळजवळ जुळ्या बहिणी आहेत. प्रत्येक नोंदीसाठी ३२ बिटांचा एक डबा असतो. पहिल्या ४ बिटांइतक्या जागेत डब्याच्या सुरुवातीची खूण, पुढच्या २४ मध्ये आवाजाचा आकडा आणि शेवटच्या ४ मध्ये हिशेबाच्या नोंदी. डाव्याचा एक डबा आणि उजव्याचा एक, मिळून ६४ बिट. सेकंदाला ४८,००० नोंदी असतील तर तारेतून सेकंदाला ६४ × ४८,००० = ३०,७२,००० बिट जातात.

एक आणि शून्य यांची खूणही मजेशीर आहे. 'दाब जास्त म्हणजे एक, कमी म्हणजे शून्य' असा सरळ हिशेब येथे नाही. प्रत्येक बिटाच्या सुरुवातीला दाब उलटतो, म्हणजे खालचा वर किंवा वरचा खाली होतो. बिट 'शून्य' असेल तर पुढच्या बिटापर्यंत तसाच राहतो. 'एक' असेल तर मध्यावर आणखी एकदा उलटतो. यामुळे दोन गोष्टी साधतात. दाब सतत उलटत राहिल्याने घेणाऱ्या यंत्राला ठेका मिळत राहतो, वेगळी घड्याळाची तार लागत नाही. आणि महत्त्व दाबाला नसून बदलाला असल्याने दोन तारा चुकून उलट जोडल्या तरी अर्थ बदलत नाही. डब्याच्या सुरुवातीची खूण मुद्दाम हा नियम मोडते. इतर कोठेच असे घडत नसल्याने घेणाऱ्याला ती लगेच ओळखू येते.

तोच मजकूर, तीन वाटा

मजकूर जवळजवळ सारखा असला तरी तो नेण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत.

पहिली वाट आरसीए पिनेची. टीव्हीच्या मागे लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना असतात, तशीच ही दिसते, बहुधा नारिंगी किंवा काळी. मध्ये एक तार आणि तिच्याभोवती जाळी. दाब सुमारे अर्धा व्होल्ट आणि तारेचा संरोध ७५ ओहम. ही घरगुती एसपीडिफची वाट.

दुसरी वाट तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीची. सभेच्या मायक्रोफोनला असते तशीच. हिच्यात दोन तारांतून एकमेकींच्या विरुद्ध दाब जातो. बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडत असल्याने वजाबाकीत तो नाहीसा होतो. दाब २ ते ७ व्होल्ट, संरोध ११० ओहम. ही स्टुडिओतली एईएस-३ ची वाट.

तिसरी वाट प्रकाशाची. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या या जोडणीला टॉसलिंक म्हणतात. चौकोनी खाच, लाल प्रकाश देणारा एक एलईडी आणि सुमारे एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतू. दाब उलटण्याऐवजी येथे दिवा लागतो आणि विझतो. तंतूतून वीज जात नसल्याने एका यंत्रातली गुणगुण दुसऱ्यात शिरत नाही, हा मोठा फायदा. परंतु प्लॅस्टिकमध्ये प्रकाश लवकर क्षीण होतो, म्हणून ही वाट काही मीटरांपुरतीच चालते. नव्या तंतूच्या टोकावर एक पारदर्शक टोपी असते. ती न काढता खाचेत घालण्याचा प्रयत्न पुष्कळजण करतात; आम्हीही केलेला आहे.

बेलापूरला आमच्या डेकच्या मागे आरसीए आणि चौकोनी प्रकाशाची अशा दोन खाचा होत्या. संगणकाच्या पेटीला एक्सएलआर आणि चौकोनी प्रकाशाची. आमच्या पिशवीत आरसीएची पिन एक्सएलआरमध्ये बसवणारा एक साधा जोड होता. तो वापरावा की नाही?

तारेतला प्रतिध्वनी

येथे संरोधाचा प्रश्न येतो. पाचशे फूट तार मोजली तरी मीटरवर ७५ ओहम दिसत नाहीत, मग हा आकडा कशाचा? तारेत स्पंद धावत असताना त्या धावत्या स्पंदातील दाब आणि प्रवाह यांचे जे गुणोत्तर असते, तो तारेचा संरोध. तो मधली तार आणि जाळी यांची जाडी, त्यांतले अंतर व मधला पदार्थ यांवर ठरतो, लांबीवर नाही.

एक जाड दोर आणि एक बारीक सुतळी यांची टोके एकमेकांना बांधा. दोराचे दुसरे टोक धरून झटका द्या. लाट गाठीपर्यंत जाते, तिचा काही भाग सुतळीत शिरतो आणि काही भाग परत येतो. विद्युत स्पंदाचेही तेच होते. ७५ ओहमची तार ११० ओहमच्या यंत्राला जोडली तर परत येणाऱ्या दाबाचे प्रमाण (११० – ७५) ÷ (११० + ७५), म्हणजे ३५ ÷ १८५, सुमारे १९ टक्के असते. हा तारेतला प्रतिध्वनी.

तो त्रास देतो का? हे लांबीवर अवलंबून असते. वरच्या वेगाने सर्वांत आखूड स्पंद अर्ध्या बिटाइतका, म्हणजे सुमारे १६३ नॅनोसेकंदांचा असतो. तारेतला स्पंद एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो. तार दीड मीटरची असेल तर जाऊन-येऊन तीन मीटर, म्हणजे १५ नॅनोसेकंद. एवढ्या लवकर परतलेला प्रतिध्वनी स्पंदाच्या सुरुवातीलाच मिसळून जातो आणि बहुधा काही बिघडत नाही. तार १५ मीटरची असेल तर प्रतिध्वनीला १५० नॅनोसेकंद लागतात आणि तो पुढचा बदल व्हायच्या वेळीच येऊन धडकतो. बदल नेमका केव्हा झाला हे मग घेणाऱ्याला नीट कळत नाही. लहान खोलीत बोललेले स्पष्ट ऐकू येते, मोठ्या रिकाम्या सभागृहात शब्दांवर शब्द पडतात, तसेच हे आहे.

म्हणूनच "मी लाल-पांढऱ्या पिनेच्या साध्या तारेने जोडले, मस्त चालले" असे सांगणाराही खरा असतो आणि "तीच तार लावली तर आवाज तुटतो" असे म्हणणाराही खरा असतो. पहिल्याची तार बहुधा आखूड असते. घरात योग्य तार नसेल तर एक सोपी युक्ती आहे. चित्रासाठी दिलेली पिवळ्या पिनेची तार ७५ ओहमसाठीच बनवलेली असते. केबल टीव्हीची जाड गोल तारही ७५ ओहमचीच. तिला दोन्ही टोकांना आरसीए पिना बसवल्या की उत्तम अंकीय तार तयार होते. महागड्या तारेने आकडे अधिक गोड होत नाहीत. ते बरोबर पोचले की काम झाले.

आरसीए आणि एक्सएलआर जोडायचे असतील तर नुसता पिना बदलणारा जोड पुरेसा नाही, मध्ये लहानसा ट्रान्सफॉर्मर हवा. त्याच्या फेऱ्यांचे गुणोत्तर ११०/७५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.२ असते. घरगुती यंत्राचा अर्धा व्होल्ट त्यातून स्टुडिओच्या यंत्रात सहसा चालतो. उलट दिशेने मात्र जपावे. स्टुडिओच्या यंत्राचे चार-पाच व्होल्ट अर्ध्या व्होल्टच्या खाचेत थेट सोडणे योग्य नाही. ते आधी कमी करावे लागतात.

आणखी एक सूक्ष्म भेद आहे. हिशेबाच्या नोंदींपैकी एक बिट दर डब्याला जमा होत जातो आणि १९२ बिटांची एक पाटी तयार होते. तिचा पहिला बिट शून्य असेल तर यंत्र घरगुती, एक असेल तर स्टुडिओचे. याच पाटीतला तिसरा बिट घरगुती पद्धतीत 'प्रत काढण्यास परवानगी आहे की नाही' हे सांगतो. स्टुडिओच्या पद्धतीत तोच बिट तार स्वरांना दिलेल्या उठावाच्या माहितीचा भाग असतो. म्हणजे तार, दाब, संरोध सर्व जुळवले तरी एखादे काटेकोर यंत्र पाटी वाचून अडून बसू शकते.

हे सर्व ध्यानात घेऊन आम्ही साधा जोड पिशवीतच ठेवला आणि प्रकाशाचा तंतू लावला. दोन्हीकडे चौकोनी खाच, एकच तंतू, मग अडचण कसली?

तीच वाट, वेगळा मजकूर

डेकच्या खाचेतून लाल प्रकाश दिसत होता. फीत फिरत होती. संगणकावर मात्र शून्य. तंतू बदलला, टोके पुसली, तरी तेच.

दोष तंतूचा नव्हता, डेकचाही नव्हता. आमच्या पेटीची चौकोनी खाच वेगळ्या भाषेसाठी लावून ठेवलेली होती. अलेसिस कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी अडॅट नावाचे आठ मार्गांचे ध्वनिमुद्रण यंत्र आणले. त्याच्यासाठी त्यांनी टॉसलिंकचीच खाच आणि तंतू वापरले, पण त्यातून दोनऐवजी आठ मार्गांचे आकडे पाठवले. एसपीडिफमध्ये सेकंदाला सुमारे ३० लाख बिट जातात, तर अडॅटमध्ये २५६ × ४८,००० म्हणजे सुमारे १ कोटी २३ लाख. खूण करण्याची रीतही वेगळी. बाहेरून काहीच फरक दिसत नाही. बेलापूरची पाटी, पण गाव श्रीरामपूर!

पेटीच्या संगणकातील नियंत्रणात 'अडॅट' ऐवजी 'एसपीडिफ' निवडले आणि ओव्यांचा पहिला सूर ऐकू आला. बाई खुर्चीवरून उठून संगणकाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

या प्रकारची गफलत आता शाळांमध्येही होते. नव्या टीव्हीला पुष्कळदा चौकोनी प्रकाशाची खाच असते आणि शाळेच्या जुन्या अॅम्प्लिफायरला फक्त लाल-पांढऱ्या खाचा. येथे तार बदलून भागत नाही. एका बाजूला आकडे आहेत आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष चढउतार. मध्ये आकड्यांचे चढउतारांत रूपांतर करणारी लहान पेटी लागते आणि तिला वेगळी वीज लागते. ही पेटी जोडूनही आवाज आला नाही किंवा नुसता खरखराट आला, तर टीव्हीच्या ध्वनीच्या यादीत 'पीसीएम' हा पर्याय निवडावा. नाहीतर टीव्ही चित्रपटगृहाच्या पद्धतीने दाबून बांधलेला बहुमार्गी ध्वनी त्याच तंतूतून पाठवत असतो आणि साध्या पेटीला ती गाठोडी सोडता येत नाहीत.

दोन घड्याळे

ओव्या ऐकू येऊ लागल्या आणि आम्ही उत्साहात ध्वनिमुद्रण सुरू केले. दहा मिनिटे झाल्यावर सहकाऱ्याने हेडफोन काढून विचारले, "हे टिक्‌ टिक्‌ काय आहे?" दर दोनेक सेकंदांनी एक बारीक आवाज येत होता. आम्हाला तो जात्याच्या घरघरीत कळलाच नव्हता.

कारण असे. डेक सेकंदाला ४८,००० आकडे पाठवत होता, पण हे ४८,००० त्याच्या स्वतःच्या घड्याळाने. आमची पेटी सेकंदाला ४८,००० आकडे घेत होती, पण तिच्या घड्याळाने. दोन्हींत क्वार्ट्‌झचे स्फटिक आहेत आणि ते चांगलेच अचूक असतात. तरी समजा, त्यांत लाखात एकाचा फरक आहे. मनगटी घड्याळात एवढा फरक दिवसाला एक सेकंदही होत नाही. येथे मात्र ४८,००० च्या लाखात एक, म्हणजे सेकंदाला जवळपास अर्धा आकडा. दर दोन सेकंदांनी एक आकडा शिल्लक राहतो किंवा कमी पडतो. पेटी तो टाकून देते किंवा आधीचाच पुन्हा घेते. तोच तो 'टिक्‌'.

पंढरीच्या वाटेवर दिंडीतले टाळकरी एकाच मृदंगाकडे कान ठेवून चालतात. दोघांनी आपापला ठेका धरला, कितीही सारखा असला, तरी थोड्या वेळात टाळ चुकतोच. यंत्रांमध्येही एकच घड्याळ मुख्य असावे लागते. फितीवरचा ठेका डेकच्या हातात असल्याने घड्याळ त्याचेच धरायचे. पेटीच्या नियंत्रणात घड्याळासाठी 'अंतर्गत' ऐवजी 'बाहेरून येणारे' निवडले आणि टिक्‌ टिक्‌ थांबली.

फितीचा वेग ३२,००० असता तर आणखी एक अडचण आली असती. आजच्या बऱ्याच पेट्यांना तो वेग घेताच येत नाही. अशा वेळी वेग बदलून देणारी पेटी मध्ये घालावी लागते.

काय हरवले

आम्ही फीत मागे नेली आणि पुन्हा पहिल्यापासून चालवली. सातव्या मिनिटाला आवाज अडखळला आणि सुमारे अर्धे मिनिट गप्प झाला. डॅटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते आणि वेगाने फिरणाऱ्या गोल डोक्यावरून ती तिरपी जाते. वीस वर्षांहून अधिक काळ पेटीत पडलेली ती फीत मागे जाताना तेथे चुरगळली होती. आम्ही तिला पुन्हा हात लावला नाही. उरलेला भाग सुदैवाने निर्दोष उतरला. पण त्या अर्ध्या मिनिटात बाईंच्या आईची एक ओवी होती. तिची एकमेव प्रत आता आमच्या पहिल्या, चुकलेल्या ध्वनिमुद्रणात आहे, टिक्‌ टिक्‌सह. बाईंनी तीही ठेवून घेतली. म्हणाल्या, "असू द्या. आवाज तर आहे."

आमची चूक तारेची नव्हती, क्रमाची होती. घरून निघण्यापूर्वी एखाद्या निरुपयोगी फितीवर सर्व जोडणी तपासून घेतली असती तर मूळ फीत एकदाच चालवावी लागली असती. सोनीने २००५ मध्ये डॅट यंत्रे बनवणे थांबवले. चालू स्थितीतले डेक दरवर्षी कमी होत आहेत. अशा फितींच्या बाबतीत दुसरी संधी मिळेलच असे नाही.

महाराष्ट्रात असे पुष्कळ ध्वनी घराघरांत पडून आहेत. जात्यावरच्या ओव्यांचे मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी केले. त्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया ही संस्था तो संग्रह लोकांपुढे आणत आहे. सीडीच्या वेगाने एका तासाच्या ध्वनीला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. १२० तासांना सुमारे ७६ गिगाबाइट. म्हणजे हजार गावांचा आवाज खिशातल्या पेन ड्राइव्हवर मावू शकतो. जागेची अडचण आता राहिलेली नाही. अडचण आहे ती जुन्या यंत्रातून तो आवाज बिनचूक बाहेर काढण्याची.

जोडण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. दोन्ही बाजूंना आकडेच आहेत, की एका बाजूला प्रत्यक्ष चढउतार? दुसरे असेल तर रूपांतर करणारी पेटी हवी.

२. वाट कोणती: आरसीए, एक्सएलआर की प्रकाश? वाट बदलत असेल तर दाब आणि संरोध कोण जुळवणार? विजेच्या तारेवरून प्रकाशाकडे किंवा उलट जायचे असेल तर त्यासाठी विजेवर चालणारी पेटी लागते.

३. मजकूर कोणता: एसपीडिफ, अडॅट की दाबून बांधलेला बहुमार्गी ध्वनी?

४. नोंदींचा वेग किती? दोन्ही यंत्रांना तो चालतो का?

५. घड्याळ कोणाचे?

६. बाहेर जाणारी खाच आत येणाऱ्या खाचेलाच जोडली आहे ना? हसू येईल, पण हीच चूक सर्वांत जास्त होते.

वर्गात करून पाहा

दोर आणि सुतळीचा प्रयोग वर दिलाच आहे. सुतळीचे मोकळे टोक एकदा भिंतीला घट्ट बांधून आणि एकदा सैल सोडून पाहा. परतणारी लाट दोन्ही वेळा सारखीच असते का?

प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ एक छिद्र पाडून ती पाण्याने भरा. खोलीत अंधार करून छिद्राच्या समोरच्या बाजूने बॅटरीचा झोत टाका. प्रकाश पाण्याच्या वाकलेल्या धारेबरोबर वाकत खाली जातो. टॉसलिंकच्या तंतूत हेच पूर्ण आंतरिक परावर्तन घडते. लेसर वापरलात तर तो कोणाच्याही डोळ्यांवर पडणार नाही याची काळजी घ्या.

तिसरा खेळ आकड्यांचा. एका विद्यार्थ्याकडे एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरा असा पुठ्ठा द्या. दुसऱ्याने सावकाश टाळ्या वाजवाव्यात. प्रत्येक टाळीला पुठ्ठा उलटायचा. 'एक' पाठवायचा असेल तर दोन टाळ्यांच्या मध्ये आणखी एकदा उलटायचा. बाकीच्यांनी आकडे लिहून घ्यावेत. जमले की टाळ्या बंद करा आणि पुठ्ठ्याच्या उलटण्यावरूनच ठेका धरता येतो का ते पाहा. मग लिहिणाऱ्यांना पुठ्ठ्याकडे न पाहता स्वतःच्या मनगटी घड्याळाप्रमाणे ठेका धरायला सांगा आणि ठरावीक क्षणीच मान वर करून पुठ्ठा वाचू द्या. थोड्याच वेळात कोणाचा तरी एखादा आकडा गळेल. आमच्या पेटीचे बेलापूरला नेमके काय झाले ते मुलांना मग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि मुलांना घरी जाऊन विचारायला सांगा, आजीच्या ट्रंकेत एखादी जुनी फीत आहे का? असेल तर ती लगेच चालवू नका. आधी दुसऱ्या फितीवर जोडणी तपासा.